दहा मिनिटांची विषय निवड : नागपूरच्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय प्राचार्य,
नागपूर शहर व जिल्ह्यातील सर्व कनिष्ठ महाविद्यालये

विषय : अकरावीच्या प्रवेशावेळी होणारी विषयांची निवड

महोदय / महोदया,

सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की नागपुरात पाठोपाठ नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वाधिक तापणारे नऊ दिवस, येतो आणि नवतप्याचा ताप ओसरतो न ओसरतो तोच अकरावीच्या प्रवेशाची रांग लागते. महाविद्यालयाच्या सभागृहात दोन कूलर घरघरत असतात, भिंतीला लागून चार टेबले मांडलेली असतात आणि त्यांपैकी एकावर ‘विषय निवड’ अशी पाटी असते. त्या टेबलाच्या आतल्या बाजूला मी सत्तावीस वर्षे बसलो. मी भूगोलाचा शिक्षक होतो. एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयातून काही वर्षांपूर्वी निवृत्त झालो. गेल्या वर्षी भाचीच्या मुलीला घेऊन मी तशाच एका टेबलाच्या बाहेरच्या बाजूला प्रथमच उभा राहिलो आणि आपण इतकी वर्षे काय करत होतो, हे त्या दहा मिनिटांत मला जितके स्पष्ट दिसले तितके सत्तावीस वर्षांत दिसले नव्हते. म्हणून हे पत्र तक्रारीइतकेच कबुलीचेही आहे.

ही मुलगी कळमेश्वरच्या पुढची. घरची संत्र्याची बाग आहे आणि बागेचा एक कोपरा दरवर्षी पिवळा पडतो. दोन वर्षांपूर्वी एक मृदाशास्त्रज्ञ बाग पाहायला आले, त्यांनी त्या कोपऱ्यात माणूस उभा राहील इतका खोल खड्डा खणून घेतला आणि मातीचा उभा छेद हिला दाखवला : चुनखडी कुठून सुरू होते, पाणी कुठल्या थराशी अडते, मुळे कुठे थांबतात. तेव्हापासून तिचे प्रश्न मातीवरून खडकांपर्यंत गेले आहेत. सुट्टीत तिच्याशी बोलून मी एक आराखडा केला होता. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, चौथा विषय भूशास्त्र (जिऑलॉजी) आणि ते नसेल तर भूगोल. इंग्रजी सक्तीची आहेच, आणि दुसरी भाषा मराठी, कारण दहावीत तिला सर्वाधिक गुण मराठीतच होते. राज्य मंडळाच्या योजनेत हे सगळे बसते. शंभर-शंभर गुणांचे सहा विषय, एकूण सहाशे गुण. पर्यावरण शिक्षण आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण यांना श्रेणी. विज्ञान शाखेच्या विषयांत गणित आणि जीवशास्त्र यांच्याखेरीज भूगोल आहे, भूशास्त्रही आहे. कागदावर कुठेही अडचण नव्हती.

टेबलावरच्या तरुण शिक्षकांनी अर्जाकडे न पाहताच विचारले, “पीसीएमबी-आयटी की पीसीएम-सीएस?” पीसीएमबी म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र; आयटी म्हणजे माहिती तंत्रज्ञान, सीएस म्हणजे संगणकशास्त्र. ते सौजन्याने बोलत होते आणि थकलेले होते, हे मी आवर्जून नोंदवतो. भूशास्त्राचे नाव काढल्यावर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी शिंप्याच्या दुकानात खिळे मागितले. भूगोल फक्त कला शाखेला आहे आणि विज्ञानाच्या वेळापत्रकाशी त्याचे तास भिडतात, असे उत्तर मिळाले. मराठीबद्दल ते म्हणाले, “सर, सायन्सला मराठी घेणारे किती? तीन वर्षं झाली, बॅचच नाही.” मागे चाळीस-पन्नास माणसे उभी होती. हे महाविद्यालय तिच्या पहिल्या पसंतीचे होते, आणि पहिली पसंती मिळाल्यावर प्रवेश नाकारला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर व्हावे लागते, हे आपण सारे जाणतोच. तिने सही केली. पीसीएमबी आणि आयटी. सहीच्या वर छापलेली ओळ होती, “मी वरील विषय स्वेच्छेने निवडले आहेत.”

ती ओळ माझ्याही महाविद्यालयाच्या अर्जावर होती. मी ती हजारो मुलांकडून भरून घेतली आहे.

खरी अडचण आधी महाविद्यालय आणि मग विषय, या दोन पायऱ्यांच्या क्रमात आहे. नागपूर शहरात केंद्रीय पद्धतीने ऑनलाइन प्रवेश सुरू होऊन बरीच वर्षे झाली आणि २०२५-२६ पासून ती पद्धत राज्यभर लागू झाली. पसंतीक्रम भरताना विद्यार्थी दहापर्यंत महाविद्यालये निवडतो. शाखा, माध्यम, अनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित, मागच्या वर्षीचा कटऑफ हे सगळे तो पाहतो. विषयांचा गट मात्र नक्की होतो तो जागा मिळाल्यानंतर, तुमच्या टेबलावर. माहितीपत्रकात विषयांची नावे असली, तरी त्यांपैकी कोणत्या विषयाचा वर्ग या वर्षी खरोखर भरणार आहे, हे त्यावरून कळत नाही. म्हणजे ज्या क्षणी विषय समोर येतात, त्या क्षणी महाविद्यालय बदलण्याचा मार्ग बंद झालेला असतो. मुलीने निवडले ते महाविद्यालय. विषय तुमच्या वेळापत्रकाने निवडले.

आयटीबद्दल माझे म्हणणे चुकीचे समजले जाऊ नये. विषय चांगला आहे, संकेतस्थळ आणि डेटाबेस यांची ओळख या वयात व्हायलाच हवी. परंतु आपल्याकडे तो दुसऱ्या भाषेच्या जागी घेता येतो, त्याची लेखी परीक्षा संगणकावर होते, त्यात भरभरून गुण मिळतात असा समज आहे, आणि अनेक अनुदानित महाविद्यालयांत तो विनाअनुदानित तत्त्वावर चालत असल्याने त्याचे शुल्क वेगळे आकारले जाते. या चारही गोष्टी एका दिशेने ओढतात आणि त्या ओढीत विज्ञान शाखेतली मराठी वाहून जाते. राज्यातल्या सर्व शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० मध्ये झाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी महाविद्यालयात पेढे वाटले. आणि अकरावीच्या दारात त्याच भाषेची ‘बॅच नाही’. मी सक्ती मागत नाही. ज्या मुलाला आयटी हवे त्याने ते खुशाल घ्यावे. परंतु जिथे वर्गच नाही तिथे मुलांनी मराठी नाकारली असे आपण म्हणू शकत नाही. बारावीच्या मराठीत अहवाल, माहितीपत्रक, मुलाखत यांचे लेखन शिकवले जाते. ज्या मुलीला उद्या माती परीक्षणाचा निष्कर्ष काटोल-नरखेडच्या शेतकऱ्याला समजेल अशा शब्दांत सांगायचा आहे, तिच्यासाठी हा अभ्यास शोभेचा नाही.

आता भूशास्त्राकडे येतो आणि इथे जरा जास्त वेळ घेतो, कारण हा प्रश्न दुसऱ्या शहरात कदाचित गौण ठरला असता. नागपुरात तो गौण ठरू शकत नाही. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय इथे आहे, मँगनीज काढणाऱ्या मॉयल कंपनीचे काटोल रोडवर आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचे कार्यालय सेमिनरी हिल्सवर आहे. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो अमरावती रोडवर आहे. उमरेड आणि सावनेरचा कोळसा, मनसर, कांद्री आणि गुमगावचे मँगनीज, हे सगळे आपल्या जिल्ह्यातले. शहराच्या पश्चिमेला दख्खनचा काळा बेसाल्ट आहे आणि पूर्वेला निघालात की थोड्याच वेळात त्याहून कितीतरी जुने खडक पायाखाली येतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथे राहिलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टाकळी आणि कामठीच्या परिसरातून जीवाश्म गोळा केले. एका खनिजाला त्यांच्या नावावरून हिस्लोपाइट म्हणतात, आणि गोंडवाना खडकांच्या एका समूहाला आपल्या कामठीचे नाव आहे. आपल्या विद्यापीठात भूशास्त्राचा पदव्युत्तर विभाग आहे. एवढे सारे ज्या शहरात आहे, त्या शहरातल्या सोळा वर्षांच्या मुलीने विज्ञान शाखेत भूशास्त्र मागितले तर तिला ते शिकवणारे महाविद्यालय शोधत फिरावे लागते. मी तिच्यासाठी सहा ठिकाणी चौकशी केली. दोन ठिकाणी “पूर्वी होते” असे सांगितले गेले, उरलेल्या चार ठिकाणी प्रश्न पुन्हा विचारावा लागला.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. भूशास्त्राच्या पदवीला बारावीत भूशास्त्र असण्याची अट नाही. कृषी पदवीला पीसीएम किंवा पीसीबी कोणताही गट चालतो. मग हट्ट कशासाठी? माझे उत्तर असे की अकरावी-बारावीचा उपयोग पुढच्या प्रवेशाची अट पुरी करण्याइतकाच मानला, तर सहापैकी तीन विषय आजच बंद करायला हरकत नाही. या दोन वर्षांत मुलाला एखादा विषय आवडतो की केवळ त्याची कल्पना आवडते, हे कळायला हवे. हातात भिंग घेऊन दगड ओळखण्याचा कंटाळा येतो, हे अकरावीत कळणे पदवीच्या दुसऱ्या वर्षात कळण्यापेक्षा फार स्वस्त पडते.

तुमची बाजू मला ठाऊक आहे, कारण तीच बाजू मी जगलो आहे. विद्यार्थी नाहीत म्हणून विषयाचा कार्यभार कमी होतो, कार्यभार नाही म्हणून पद टिकत नाही, पद गेले की तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे मानधन घेऊन, कुणीतरी येतो, तो जुलैऐवजी सप्टेंबरात येतो, म्हणून पुढच्या वर्षी आणखी कमी मुले तो विषय घेतात. एखादा विषय बंद करण्याचा ठराव कुणीच करत नाही. तो असाच झिजत जातो. माझ्या भूगोलाची तुकडी माझ्या डोळ्यांदेखत ऐंशीवरून बावीसवर आली. आणि इथे ती कबुली. कार्यभार न उरलेल्या शिक्षकांच्या ‘अतिरिक्त शिक्षक’ या यादीची भीती काय असते हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच कळेल. त्या भीतीपोटी मी विषय निवडीच्या टेबलावर बसून मुलांना भूगोलाकडे वळवत असे. कला शाखेत अर्थशास्त्रासोबत गणित घेऊ पाहणाऱ्या एका हुशार मुलाला मी सांगितले होते की गणिताने टक्केवारी घसरते, भूगोलात वीस गुण प्रात्यक्षिकाचे असतात. दोन्ही वाक्ये खोटी नव्हती. त्या मुलाला पुढे दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्स करायचे होते आणि तिथे बारावीचे गणित लागते. त्याने पुढच्या वर्षी ‘तुरळक विषय’ घेऊन परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांत नाव नोंदवून गणिताचा पेपर दिला. एक वर्ष गेले. तो मला आजही भेटतो, नमस्कार करतो, कधी बोलून दाखवत नाही. तेव्हा आपण सारे जे करतो ते वाईट हेतूने करतो असे मी म्हणत नाही. त्या टेबलावर बसणाऱ्या माणसाचा स्वतःचा काहीतरी हिशेब असतो, आणि तो समोरच्या मुलाला माहीत नसतो, एवढेच म्हणतो.

कोणता विषय सोडल्यावर कोणता मार्ग बंद होतो, हे तरी त्या टेबलावर लिहिलेले असावे. जीवशास्त्र सोडले तर वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा हातची जाते. २०२३ च्या अखेरीस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण होणाऱ्यांनाही नीटची वाट मोकळी केली, पण हे किती पालकांना माहीत आहे? गणित सोडले तर अभियांत्रिकी प्रवेशाची जेईई, राज्याच्या सीईटीतला पीसीएम गट आणि वास्तुकलेची पदवी दुरावते. एनडीएतून वायुदल किंवा नौदलात जायचे तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित तिन्ही लागतात, भूदलासाठी मात्र कोणतीही शाखा चालते. औषधनिर्माणशास्त्राला गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक पुरते. वाणिज्य शाखेत चिटणिसाची कार्यपद्धती घेऊन गणित टाळणाऱ्या मुलांना सीए फाउंडेशनच्या पायरीवर शंभर गुणांचा गणित, तर्क आणि सांख्यिकीचा पेपर भेटतो, तेव्हा त्यांची जी धावपळ होते ती तुमच्या वाणिज्य विभागातले कोणीही सांगेल. ही माहिती गुप्त नाही. ती एका फलकावर मावते.

फलक नसल्यामुळे पालक काय करतात, तर ‘दोन्ही दारे उघडी राहू देत’ म्हणून पीसीएमबी घेतात. ज्या मुलाचे मन खरोखर दोन्हीकडे आहे त्याने तो गट जरूर घ्यावा. पण घरातल्या मोठ्यांचा निर्णय झालेला नाही म्हणून चार जड विषय सोळा वर्षांच्या खांद्यावर टाकले जातात, आणि दिवाळीनंतर त्यांपैकी एकाकडे नुसते पाहायचेही राहून जाते. ज्या महाविद्यालयांनी शिकवणी वर्गांशी ‘टाय-अप’ केले आहे, तिथे तर गट कोणता हे शिकवणीचे वेळापत्रकच ठरवते आणि उरलेले विषय प्रात्यक्षिकाच्या वहीपुरते जिवंत राहतात. या विषयावर इतके लिहिले गेले आहे की मी अधिक लिहीत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि त्यानंतर २०२३ मध्ये आलेला शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा यांविषयी आपल्याकडे चर्चासत्रे झाली. त्या आराखड्यात अकरावी-बारावीला दोन भाषा, त्यांपैकी किमान एक भारतीय, आणि चार विषय किमान दोन वेगळ्या गटांतून, अशी मांडणी आहे. म्हणजे भौतिकशास्त्राशेजारी इतिहास बसू शकतो. तो बदल आपल्यापर्यंत जेव्हा आणि ज्या रूपात यायचा तेव्हा येईल. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. आजच्या नियमांत जे शक्य आहे, तेवढे तरी आपण मुलांना देतो का? भौतिकशास्त्राशेजारी भूगोल आजही बसतो, मराठी आजही बसते.

माझ्या विनंत्या मोठ्या नाहीत, आणि त्यांसाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागेल असेही मला वाटत नाही. विद्यार्थी पसंतीक्रम भरण्यापूर्वी, म्हणजे निकालाच्या आसपास, प्रत्येक महाविद्यालयाने या वर्षी प्रत्यक्ष चालणारे विषयगट, भाषा धरून, आपल्या प्रवेशद्वारावर आणि संकेतस्थळावर लावावेत. एखादा विषय ठरावीक संख्या झाली तरच सुरू होणार असेल तर ती संख्या लिहावी. कोणत्या विषयाचे वेगळे शुल्क आहे, कोणता पूर्णवेळ शिक्षक शिकवतो आणि कोणता तासिका तत्त्वावर, हेही लिहावे. यातले शेवटचे लिहायला धैर्य लागेल, मला माहीत आहे. सही घेण्यापूर्वी विषयांचा कागद एक रात्र घरी न्यायला द्यावा. आणि पहिल्या घटक चाचणीपर्यंत विषय बदलण्याची मुभा खुल्या मनाने द्यावी. आज ती मागायला आलेल्या मुलाला आपण चंचल ठरवतो.

भूशास्त्र किंवा विज्ञानातली मराठी यांसारख्या विषयांसाठी आणखी एक सुचवतो. एका महाविद्यालयात तीन मुले, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात चार अशी संख्या असेल तर कुणाचाच वर्ग होत नाही. धरमपेठ, सीताबर्डी, महाल ही ठिकाणे एकमेकांपासून सायकलच्या अंतरावर आहेत. तीन प्राचार्यांनी एकत्र बसून एका ठिकाणी शनिवारी सलग तास ठेवले तर बारा मुलांचा वर्ग उभा राहतो. त्यासाठी मंडळाच्या विभागीय कार्यालयाची आणि शिक्षण उपसंचालकांची परवानगी लागेल, हजेरीचा आणि प्रात्यक्षिकाचा प्रश्न सोडवावा लागेल. परंतु तो प्रस्ताव पालकांपेक्षा तुम्ही पाठवलात तर त्याला वजन येईल.

पालकांनाच हे नको आहे, असे तुम्ही म्हणाल. बऱ्याच अंशी खरे आहे. मी टेबलावर असताना दहापैकी आठ पालक मुलाला बोलू न देता स्वतःच गट सांगत. पण उरलेली दोन मुले दरवर्षी येत होती. एखादे कुही-मांढळकडून येई, एखादे नंदनवनमधून. काहीतरी वेगळे मागत, आणि आम्ही त्यांना ‘बॅच नाही’ म्हणून परत रांगेत लावत असू.

भाचीची मुलगी आता पीसीएमबी आणि आयटी शिकते आहे. जावास्क्रिप्टमध्ये तिला गती आहे, असे तिचे शिक्षक सांगतात, आणि मला त्याचा आनंदच आहे. रविवारी ती माझ्याकडे येते. आम्ही एकदा सेमिनरी हिल्सवर गेलो, एकदा मनसरच्या बाजूला जाऊन आलो. तिने दगडांची एक पेटी केली आहे आणि प्रत्येकावर मराठीत चिठ्ठी लावली आहे. त्यांपैकी दोन चिठ्ठ्या चुकीच्या आहेत. मी त्या अजून सुधारलेल्या नाहीत, कारण त्या कुणी प्रयोगशाळेत सुधारून द्याव्यात अशी माझी इच्छा आहे.

येत्या जूनमध्ये तुमच्यापैकी कुणालाही विषय निवडीच्या टेबलाजवळ एखादा माणूस बसवायचा असेल, तर मी विनामूल्य येईन. माझा आता कोणताही कार्यभार नाही, त्यामुळे मुलांना कुठे वळवण्याचे कारणही उरलेले नाही. फक्त खुर्ची टेबलाच्या बाहेरच्या बाजूला, रांगेकडे तोंड करून द्यावी. कूलरपासून लांब असली तरी चालेल.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
नागपूर